‘ऐकत नाही’ म्हणजे नेमके काय?

तिश्रीचे सण आटोपले, सुक्क्याचे सामान माळ्यावर गेले आणि शाळा नियमित सुरू झाली, की घरोघरी मेखानेखेतचे फोन येऊ लागतात. मूल जागेवर बसत नाही, मध्येच बोलते, कोणाला तरी ढकलले, मोराला उलट उत्तर दिले. आईबाप कामावर असतात. त्यामुळे हा फोन किंवा दप्तरातला पेतेक पुष्कळदा प्रथम सबा-सव्तांच्याच हाती पडतो. सिनेगॉगमध्ये किद्दूशनंतर चहा घेताना आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच आहे. "तुम्ही इतकी वर्षे शाळेत होतात, तुम्हीच सांगा, या पोराचे काय करावे? अजिबात ऐकत नाही."

आम्ही नेगेवमधल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. शिक्षण मुंबईला मराठी शाळेत झाले आणि शिकवणे इथे हिब्रूत झाले, म्हणून दोन्हीकडचे वर्ग आतून पाहिलेले आहेत. चहाच्या पेल्याबरोबर एवढ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून काढत आहोत.

आधी त्या शब्दांकडेच पाहू. मराठीत ‘ऐकत नाही’ म्हटले की त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. हिब्रूत त्यांना तीन शब्द आहेत: ‘लो शोमेआ’ म्हणजे कानांनी ऐकू येत नाही, ‘लो माक्शीव’ म्हणजे लक्ष देत नाही आणि ‘लो मेत्सायेत’ म्हणजे सांगितलेले मानत नाही. आपण तिन्हींना एकच नाव देतो आणि तिसरा अर्थ धरून रागावतो. पण सुरुवात पहिल्यापासून करावी. गानमधल्या आणि किता आलेफ-बेतमधल्या मुलांना वारंवार सर्दी होते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठते आणि काही आठवडे त्यांना खरोखरच कमी ऐकू येते. असे मूल मागच्या बाकावर बसले तर मोराचे अर्धे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ते शेजाऱ्याला विचारते आणि ‘बडबड्या’ ठरते. कुपात खोलिममध्ये श्रवणतपासणी होते, डोळ्यांचीही होते. मूल रात्री किती वाजता झोपते, फोन उशाशी असतो का, अरुखात एसेरचा डबा घरी भरलेलाच परत येतो का, हेही पाहावे. ही विचारपूस फार साधी वाटते, म्हणूनच ती राहून जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या पिढीचा मापदंड. आमच्या मुंबईच्या वर्गात पन्नासच्या वर मुले होती. गुरुजी आत आले की सगळे उभे राहात, गुरुजींचे नाव तोंडातून काढण्याची कोणाची छाती नव्हती आणि टेबलावर छडी असे. इथे मूल मोराला सरळ नावाने हाक मारते, "हे मला पटत नाही" असे म्हणते, उत्तरासाठी हात वर करता करता अर्धे उभे राहते. आपल्या कानांना हा उद्धटपणा वाटतो. पण या देशात ही बोलण्याची नेहमीची रीत आहे आणि मोराही तिला उद्धटपणा समजत नाही. म्हणून शाळेतून तक्रार आलेली नसताना, केवळ आपल्या मापाने मोजून नातवाला बिघडलेला ठरवू नये. आम्ही ज्या वागण्याविषयी लिहीत आहोत ते निराळे आहे. ज्याने त्या मुलाचे किंवा इतरांचे शिकणे थांबते, कोणाला इजा होते, आणि जे एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा घडते, ते.

छडीविषयीही स्पष्ट बोललेले बरे, कारण "आम्हाला मारले म्हणून आम्ही सुधारलो" हे वाक्य किद्दूशच्या टेबलावर हमखास ऐकू येते. छडीने वर्ग शांत राहात असे हे खरे. पण ज्याला गणित येत नव्हते त्याला ते छडीनंतरही येत नसे, फक्त ते न दिसू देण्याची कला येई. आता हा वाद कायद्यानेही मिटवला आहे. इस्राएलच्या २००० सालच्या विद्यार्थी-हक्क कायद्यानुसार शाळेतली शिस्त माणसाच्या प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. शारीरिक किंवा अपमान करणारी शिक्षा चालत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शिस्तीच्या नावाखाली आईबापांनी मारणेही अमान्य केले. भारतातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतला मार आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे.

मग मारायचे नाही, तर करायचे काय? आमचे उत्तर असे की आधी पाहायचे. वागण्याकडे एकटे पाहिले तर काहीच उमगत नाही. त्याच्या लगेच आधी काय झाले आणि लगेच नंतर मुलाला काय मिळाले, या दोन गोष्टींच्या मध्ये ठेवून ते पाहावे लागते.

किता गिमेलमधला एक मुलगा खुर्ची पाडत असे. चुकून नव्हे, पायाने ढकलून, मोठा आवाज करून. मोरा तरुण होती, रोज त्याला वर्गाबाहेर काढी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची पडे. आम्हाला एक आठवडा मागे बसून पाहायला सांगण्यात आले. आम्ही वहीत तीन रकाने आखले: आधी, काय, नंतर. आठवड्यात सहा वेळा खुर्ची पडली. त्यांतल्या पाच वेळी वर्गात मोठ्याने वाचन चालले होते आणि पाळी त्याच्यापासून दोन-तीन मुलांवर येऊन ठेपली होती. ‘नंतर’च्या रकान्यात सहाही वेळा एकच नोंद होती: बाहेर पाठवले. बाहेर त्याचे काय होई? शाळेचा अव्ह-बायित, फार भला माणूस, त्याला हाक मारी आणि दोघे मिळून सभागृहातली बाके लावीत. म्हणजे खुर्ची पाडली की वाचन टळते आणि वर हाताला आवडीचे काम मिळते. मोरा ज्याला शिक्षा समजत होती, ती त्या मुलाची सुटका होती. तो वाचायला घाबरत होता. तिसरीत येऊनही त्याला अक्षरे जुळवता येत नव्हती आणि चौतीस मुलांसमोर ते उघडे पडण्यापेक्षा वाईट मुलगा म्हणवून घेणे त्याला सोपे वाटत होते.

उपाय कळायला वेळ लागला नाही, करायला लागला. कोणत्या चार ओळी वाचायच्या ते मोरा त्याला आदल्या दिवशी सांगू लागली. घरी मोठी बहीण त्या त्याच्याकडून वाचून घेई. एक खूणही ठरली. त्याने पट्टी बाकाच्या कोपऱ्यावर उभी ठेवली तर "आज नको" असा अर्थ; मोरा न बोलता पुढच्या मुलाकडे जाई. पण आठवड्यातून दोनदाच. शिवाय वाचन-अडचणीच्या इव्खूनसाठी अर्ज केला, त्याची पाळी यायला कित्येक महिने गेले. खुर्ची लगेच थांबली नाही. पुढच्या दोन महिन्यांत ती दोनदा पडली. मुलगा वाचायला फार चपळ कधी झाला नाही, पण तो वर्गात राहिला आणि वर्गात राहिला म्हणून शिकला.

आता याच्या उलट उदाहरण. त्याच मजल्यावर एक मुलगी गणिताच्या तासाला पेन्सिलींचा डबा जमिनीवर उलटा करीत असे. तिला बाहेर काढले की ती दाराच्या काचेतून तोंडे वेडावून दाखवी. तिला गणित चांगले येत होते. तिला हवे होते ते वर्गाचे डोळे. घरी नुकतेच जुळे जन्मले होते आणि तिच्याकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती. आवाज दोघांचा सारखाच, पण एकाला वर्गापासून पळायचे होते आणि दुसरीला वर्गाच्या मध्यभागी यायचे होते. पहिल्याचा उपाय दुसरीला केला असता तर फसला असता. म्हणून कोणी "खुर्ची पाडतो, काय करू?" असे विचारले तर आम्ही उत्तर देत नाही, आधी-नंतर विचारतो.

त्या मुलीच्या बाबतीत मोराने दोन गोष्टी केल्या. तासाच्या सुरुवातीलाच, डबा पडण्यापूर्वी, तिच्या बाकाशी जाऊन तिची वही पाहिली आणि तिला फळ्यावर एक उदाहरण मांडायला दिले. आणि डबा पडला की त्याकडे बघितलेच नाही. इथे एक इशारा द्यायला हवा. लक्ष न देण्याचा उपाय सुरू केला की वागणे आधी वाढते. लिफ्टचे बटण दाबले आणि लिफ्ट आली नाही तर माणूस निघून जात नाही, तो बटण आणखी चार वेळा जोराने दाबतो. मुलेही तसेच करतात. पहिल्या आठवड्यात डबा दिवसातून तीनदा पडला. बरेच शिक्षक आणि बरेच आजी-आजोबा नेमके इथे धीर सोडतात, "उपाय चालत नाही" म्हणतात आणि चौथ्या वेळी ओरडतात. मग मूल शिकते ते एवढेच की चार वेळा पाडावे लागते. मारामारी, चावणे, फेकाफेक यांकडे मात्र असे दुर्लक्ष करता येत नाही, तिथे आधी सगळ्यांना इजेपासून दूर करावे लागते.

व्हिएन्नात आल्फ्रेड आडलर यांच्या विचारात तयार झालेले आणि नंतर शिकागोत स्थायिक झालेले रुडोल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या अशा वागण्यामागे चार हेतू सांगितले: लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, दुखावले म्हणून दुखावणे, आणि "मला जमणार नाही, माझा नाद सोडा" असे दाखवून देणे. त्यांची एक युक्ती आम्हाला त्या चार कप्प्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. मुलाचा हेतू ओळखायचा असेल तर आधी स्वतःच्या मनात काय उठले ते बघावे. नुसती कटकट वाटली तर मूल बहुधा लक्ष मागत आहे. "हा मला आव्हान देतो!" असे वाटून रक्त तापले तर गोष्ट सत्तेची आहे. मनाला लागले असेल तर ते मूलही कुठेतरी दुखावलेले आहे. आणि हात टेकावेसे वाटले तर त्याने ते आधीच टेकलेले आहेत. खरी मुले चार कप्प्यांत नीट बसत नाहीत, एकच मूल सकाळी एका कप्प्यात तर दुपारी दुसऱ्यात असते. पण स्वतःकडे बघण्याची ही सवय मोठ्यांनी लावून घ्यावी.

वागण्याला नाव देताना जिभेवर ताबा ठेवण्याची गोष्ट तेल अवीवमध्ये १९२२ साली जन्मलेल्या हायिम गिनोत यांनी सांगितली. ते आधी इथेच शाळाशिक्षक होते, मग अमेरिकेत जाऊन मानसशास्त्रज्ञ झाले आणि आईबापांसाठी व शिक्षकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांनी नाव मिळवले. झाल्या गोष्टीविषयी बोला, मुलाच्या स्वभावाविषयी बोलू नका, हा त्यांचा आग्रह. आपल्या मराठीत मुलांसाठी विशेषणांची काय श्रीमंती आहे! द्वाड, वात्रट, कार्टे, नाठाळ, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे "अगदी काकावर गेलाय." मूल रोज ऐकते आणि हळूहळू त्या नावाला जागते. "वह्या जमिनीवर पडल्या आहेत, त्या कपाटात हव्यात" एवढे वाक्य पुरते.

मोठ्या मुलांत, म्हणजे किता झायिन-खेतपासून पुढे, बहुतेक भांडणे सत्तेची असतात आणि ती बहुतेक प्रेक्षकांसमोर होतात. मोबाईलचेच घ्या. मोरा म्हणते ठेव, मुलगा म्हणतो एक मिनिट, मोरा त्याच्या डोक्याशी उभी राहते, तीस मुले बघत असतात. आता तो फोन ठेवला तर मुलाचे नाक जाते आणि नाही ठेवला तर मोराचे. मांजरालाही कोपऱ्यात कोंडले की ते अंगावर येते. जुन्या शिक्षकांची रीत वेगळी असते. बाजूने जवळ जायचे, हळू आवाजात एकच वाक्य बोलायचे आणि पाठ फिरवून दुसऱ्या बाकाकडे निघून जायचे. मुलाला अर्धे मिनिट मिळते, कोणी बघत नसते, दहापैकी सात-आठ जण फोन ठेवतात.

आणि उरलेले दोन-तीन? त्यांच्यासाठी तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हायिम ओमेर यांची पद्धत आम्हाला सगळ्यांत पटली, आणि त्यामागचे नाव वाचून आपल्या वाचकांनाही आनंद होईल. त्यांनी ती गांधीजींच्या अहिंसक प्रतिकारावरून घेतली आहे. आपण म्हणतो लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा; ओमेर सांगतात, थंड झाल्यावर घाला. तापलेल्या क्षणी मोठ्याने एवढेच म्हणायचे की हे मला मान्य नाही आणि मी यावर परत येईन. तास पुढे चालू ठेवायचा. मग खरेच परत यायचे, दुसऱ्या दिवशी, आणि एकट्याने नव्हे. मोरा, मेखानेखेत, जमल्यास बाप किंवा सबा, सगळे मिळून मुलासमोर शांत बसतात. धमकी नाही, व्याख्यान नाही. हे वागणे आम्ही चालू देणार नाही, तुला आम्ही सोडणारही नाही, झालेले भरून काढण्यासाठी तू काय करशील ते सांग. मूल लगेच काही बोलत नाही. मोठ्यांना ती शांतता फार जड जाते, पण ती पाळावी लागते.

घरीही असेच करता येते. १९६४ साली रब्बानूतच्या विवाहविषयक सूचनांविरुद्ध आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, ते ज्यांना आठवते त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. हात न उचलता, शिवी न देता, पण जागचे न हलता बसून राहण्यात काय जोर असतो हे आपण पाहिले आहे.

यावर आक्षेप येतो की त्या क्षणी काही केले नाही तर बाकीची मुले म्हणतील, तो जिंकला. आमच्या अनुभवात वर्ग इतका भोळा नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला लहानांच्या वर्गात पुस्तकांना कव्हरे घालताना पाहिले की काय झाले ते सगळ्यांना समजते.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले जेकब कूनिन यांनी वर्गांचे चित्रण करून बारकाईने अभ्यास केला आणि १९७० साली पुस्तक काढले. त्यांना जे आढळले ते शिक्षकांना प्रथम पटत नाही. मुलाने खोडी केल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि वाईट वर्ग ओळखता येत नाही. फरक आधीच्या गोष्टींत असतो. शिक्षकाच्या पाठीला डोळे आहेत असे मुलांना वाटते का, एका मुलाला समजावताना दुसऱ्या कोपऱ्यावर त्याची नजर असते का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मुले रिकामी बसतात का. निवृत्तीच्या वेळी नव्या मोरांना आम्ही हेच सांगितले की शिक्षेची यादी नंतर करा, आधी तासातल्या रिकाम्या मिनिटांची करा. खोड्या तिथेच उगवतात.

आता जे लिहिणार आहोत ते जुन्या पुस्तकांत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर दक्षिणेतल्या आपल्या वस्त्यांतली मुले पुष्कळ पाहून-ऐकून बसली आहेत. अश्दोद, अश्केलोन, बेर शेवा इथल्या सायरनमध्ये ती मोठी झाली आणि कित्येकांचे वडील महिनोन्‌महिने मिलुइमला गेले. असे मूल खुर्ची घासल्याच्या आवाजानेही दचकते, मामादपासून दूरच्या शौचालयात एकटे जायला नकार देते, खोडरबर कोणी घेतला म्हणून हात उगारते. वरवर पाहता हे हट्टी किंवा भांडखोर मूल दिसते. त्याला पुन्हा पुन्हा "सांग, तुला काय वाटते?" असे विचारू नये. त्याला दाराजवळ जागा द्यावी, पुढे काय होणार ते आधी सांगावे, घंटा वाजण्यापूर्वी "आता वाजेल" म्हणावे, दिवस ठरल्याप्रमाणे जाऊ द्यावा. काही आठवडे झोप येत नसेल किंवा मूल मरण्याविषयी बोलू लागले असेल, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी योएत्सेतला आणि डॉक्टरला सांगावे.

एका मुलाविषयी कधीच फोन येत नाही, त्याच्याबद्दलही लिहिणे भाग आहे. आपण आलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य ठरलेले असे: "हा-होदिम? येलादिम शेकेतिम." भारतीय मुले शांत. आपल्या आईबापांना त्याचा अभिमान वाटे. पण गप्प बसणे हेही वागणेच आहे आणि त्यालाही आधी-नंतर असते. ज्या मुलाला भाषा कळत नाही ते खुर्ची पाडते किंवा गप्प बसते. खुर्ची पाडणाऱ्याकडे योएत्सेत जाते, गप्प बसणारे पुढच्या वर्गात जाते. आमच्या पिढीतली कितीतरी हुशार मुले अशी शांतपणे मागे राहिली. यरुशलेममध्ये रूवेन फॉयरस्टाइन यांनी बाहेरून आलेल्या मुलांबाबत जन्मभर हेच दाखवले की परीक्षेत कमी गुण म्हणजे कमी बुद्धी नव्हे. मुलाला आज काय येते यापेक्षा शिकवल्यावर ते किती शिकते हे मोजा. १९९२ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले. तेव्हा "आमचा नातू काही त्रास देत नाही" असे म्हणणाऱ्या सबांनीही त्याची वही उघडून पाहावी.

शेवटी ज्या गोष्टीमुळे आपल्या मंडळीत फार वेळ वाया जातो, ती. योएत्सेतचे नाव काढले की "आमचा मुलगा काय वेडा आहे?" असा प्रश्न येतो. पेतेक कपाटात लपवला जातो, आईबापांना रात्री उशिरा कळते, सिनेगॉगमध्ये कळू नये म्हणून कोणाला विचारले जात नाही. यात एक-दोन वर्षे सहज जातात आणि दुसरीत जे सहा महिन्यांत सुधारले असते त्याला सहावीत दोन वर्षे लागतात. केशेव-रिकूझचेही तसेच. कोणी म्हणते हे सगळे खूळ आहे, कोणी म्हणते रिटालिन द्या आणि मोकळे व्हा. निदान करणे हे डॉक्टरचे काम आहे. मोराने जे डोळ्यांनी पाहिले ते लिहून द्यावे, रोगाचे नाव सांगू नये. आणि आपणही शेजाऱ्याच्या नातवाच्या गोळीवरून आपल्या नातवाचे ठरवू नये. शाळेशी बोलताना वर सांगितलेला कायदा लक्षात असू द्यावा. मुलाला कायमचे काढायचे असेल तर त्याआधी त्याचे आणि आईबापांचे म्हणणे ऐकून घेणे शाळेवर बंधनकारक आहे, आणि आईबापांनी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टीची शिक्षा मुलाला करता येत नाही.

असेफात होरिमला प्रत्येक घराला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. मुला-सुनेने हरकत घेतली नाही तर सबा-सव्तांनीही जावे. "कसा आहे?" असे विचारले तर "थोडा शांत बसायला हवा" हे उत्तर मिळते आणि पाच मिनिटे संपतात. त्याऐवजी कोणत्या तासाला होते, शेजारी कोण बसते, लगेच आधी काय चालले होते, नंतर तुम्ही काय केलेत, असे विचारावे. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: तो चांगला कधी वागतो? या प्रश्नावर बऱ्याच मोरा क्षणभर थांबतात आणि "पुढच्या आठवड्यात बघून सांगते" म्हणतात. बघू द्यावे, आणि आठवड्याने फोन करावा. आपल्या बाजूने जे मोराला ठाऊक असणे शक्य नाही ते सांगावे: बाप मिलुइमला आहे, घर बदलले, नवे बाळ आले, आजी गेली. हिब्रू लिहायला जड जात असेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवले तरी चालते. घरी तीन रकान्यांची वही आखली असेल तर ती बरोबर न्यावी. आठवड्याभराच्या नोंदी पुरेत, आणि अक्षर कसेही असले तरी चालेल.